विमानाची मोरी

‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. घराचा दरवाजा सताड उघडा टाकून मोरीच्या भोकात मात्र काळजीपूर्वक चिंधी कोंबणाऱ्या माणसाची ती थट्टा करते. म्हणीतली थट्टा क्षणभर बाजूला ठेवू आणि त्या मोरीकडेच पाहू. खेड्यातील जुन्या घरात मोरी म्हणजे कोपऱ्यातील थोडासा खोलगट, फरशी बसवलेला चौकोन. त्याला एका बाजूस उतार दिलेला असतो आणि उतार जेथे संपतो तेथे भिंतीत एक भोक असते. दिवसभर भांड्यांचे, आंघोळीचे पाणी त्या भोकावाटे परसात जाते. रात्र झाली की त्याच भोकातून उंदीर, विंचू, प्रसंगी सापही आत यावयाचा. म्हणून निजण्यापूर्वी घरातील कोणीतरी आठवणीने त्यात बोळा घालतो आणि पहाटे तो काढतो. एकच भोक, परंतु त्याने एका वेळी उघडे असावे आणि दुसऱ्या वेळी बंद असावे, अशी आपली अपेक्षा असते.

आमचे बोरी बुद्रुक हे कुकडी नदीच्या काठचे गाव. येथील गवंडी घर बांधावयास घेतो तेव्हा पाणी कोठून येईल आणि कोठून जाईल, हा विचार तो आधी करतो. धाब्याला पन्हळ, अंगणाला उतार, शेताला चर, मोरीला भोक. ज्या वास्तूत पाणी येते पण जात नाही, ती वास्तू फार दिवस टिकत नाही, हे त्याला पुस्तक न वाचताही ठाऊक असते.

आता मान वर करा. आपल्या शिवारावरून, फार उंचावरून, पांढरी रेघ ओढीत एखादे प्रवासी विमान जाताना दिसते. त्यात शंभर-दोनशे माणसे बसलेली असतात. ती खातात, पितात, हात धुतात. त्या विमानाला मोरी असते काय? आणि असलीच, तर तिला बोळा कोण घालतो व तो काढतो कोण?

विमानाला मोरी असते. एक नव्हे, कितीतरी असतात. त्यांचे काम कसे चालते, हे समजून घेण्यासाठी आधी विमानात पाणी येते कोठून, ते पाहिले पाहिजे.

काही पाणी आपल्याला सहज सुचेल असे असते. विमान तळावर उभे असताना पाऊस पडत असेल, तर उघड्या दारांतून तो आत येतो. प्रवाशांच्या छत्र्यांवरून आणि ओल्या जोड्यांवरूनही येतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे पाणी थोडे नसते. शिवाय विमानात लहानसे स्वयंपाकघर असते, हात धुण्याची भांडी असतात. तेथे सांडलवंड होतेच. परंतु विमानातील सर्वांत नवलाचे पाणी यांपैकी कोठूनही येत नाही. ते माणसांच्या नाकातोंडातून येते.

हे खरे वाटत नसेल, तर पौष महिन्यात पहाटे एखाद्या पत्र्याच्या गोठ्यात जाऊन उभे राहा. जुन्नर भागात त्या दिवसांत चांगलीच थंडी पडते. बाहेर पाऊस नसतो, आकाश निरभ्र असते, तरी गोठ्यात वरून टप्-टप् थेंब पडत असतात. पत्रा फुटला आहे काय? नाही. रात्रभर गाईबैल उच्छ्वास टाकीत असतात. त्या उबदार उच्छ्वासात पाण्याची वाफ असते. ती वर जाते, थंडगार पत्र्याला लागते आणि तिचे पुन्हा पाणी होते. जनावरे स्वतःच्याच श्वासाच्या पावसात भिजतात, असे म्हटले तरी चालेल. थंड पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तोही याच कारणाने. वाफेचे असे पाणी होण्याला शास्त्रात ‘सांद्रीभवन’ म्हणतात.

विमान हा तसाच एक मोठा पत्र्याचा गोठा आहे. फरक एवढाच की त्याच्या बाहेरची थंडी पौषातली नसते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरील हवेचे तापमान शून्याखाली सुमारे पन्नास अंश असते. आत मात्र प्रवाशांना बरे वाटावे म्हणून ते बावीस-तेवीस अंशांच्या आसपास राखलेले असते. या दोन ऋतूंमध्ये काय असते? ॲल्युमिनियमचा एक पत्रा, आणि तो बहुतेक ठिकाणी काही मिलिमीटरसुद्धा जाड नसतो.

एक माणूस नुसता बसून राहिला, तरी श्वासावाटे व त्वचेवाटे तासाला सुमारे पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. म्हणजे एकशे ऐंशी माणसे असलेल्या विमानात दर तासाला नऊ लिटर पाण्याची वाफ तयार होते. मोठी बादली भरण्यास दोन तासही लागणार नाहीत. यातील बहुतेक वाफ सतत बदलल्या जाणाऱ्या हवेबरोबर बाहेर निघून जाते. उंचावरची बाहेरची हवा तर इतकी कोरडी असते की विमानातील प्रवाशांचे ओठ सुकतात आणि ते पुन्हा पुन्हा पाणी मागतात. परंतु थोडी वाफ मात्र आतील गुळगुळीत भिंतीच्या फटींतून मागे शिरते आणि थंड पत्र्याशी जाऊन पोचते. तेथे तिचे पाणीही होत नाही, एकदम हिमकण होतात. माणूस हातभर अंतरावर तहानलेला, आणि भिंतीपलीकडे पत्र्यावर पांढरे हिम साचत चाललेले! विमान उंचावर असेपर्यंत ते हिम मुकाट्याने तेथेच चिकटून राहते. विमान उतरू लागले, बाहेरची हवा उबदार होऊ लागली, की ते वितळते. कधी कधी छतामागे साठलेले हे पाणी विमानाचे नाक वर-खाली होताच एकदम ओघळते आणि एखाद्या प्रवाशाच्या डोक्यावर टपकते. तो बिचारा घाबरून वर पाहतो. त्याला वाटते, विमान गळते आहे. वस्तुतः तो सहप्रवाशांच्या उच्छ्वासाने भिजत असतो.

तर असे हे पाणी. ते खाली कसे आणावयाचे?

विमानाचे धड म्हणजे एक लांब नळकांडे. त्याच्या आत माणसाच्या बरगड्यांसारख्या गोल कड्या असतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या लांब पट्ट्या असतात. या पट्ट्यांनी पत्र्याला बळकटी येते. पण पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यांतील प्रत्येक पट्टी ही एक आडवी पन्हळ आहे. तिच्यात पाणी अडून राहू शकते. म्हणून तिच्यात जागोजागी वाट ठेवावी लागते. वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीवर, तेथून आणखी खाली, अशी पायरीपायरीने पाण्याला उतरता यावे, अशी ती योजना असते. पत्रा आणि आतील भिंत यांच्यामध्ये काचेच्या लोकरीच्या पातळ गाद्या बसवलेल्या असतात. त्या थंडी व आवाज अडवतात. त्यांना पातळ पापुद्र्याची खोळ असते. या गाद्या एकीवर एक कशा ठेवावयाच्या, हेही ठरलेले असते. आपल्या छपरावर वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर यावी लागते, तसेच येथेही. उलट बसवले तर पाणी गादीच्या पोटात शिरते. एकदा शिरले की लोकर ते सोडता सोडत नाही. जुन्या विमानांच्या गाद्यांतून अशा रीतीने शेकडो किलो पाणी साठल्याचे आढळले आहे. इतके पाणी रोज उगाच आकाशात वाहून न्यावयाचे, आणि त्यासाठी जादा इंधन जाळावयाचे! पण हा तोटा किरकोळ म्हणावा, असा दुसरा तोटा पुढे सांगावयाचा आहे.

सगळे पाणी शेवटी नळकांड्याच्या तळाशी येते. प्रवाशांच्या पायांखाली सामानाची कोठी असते आणि तिच्याही खाली विमानाचे अगदी पोट. ही विमानातील सर्वांत सखल जागा. तेथल्या कड्यांनाही तळाशी खाचा ठेवलेल्या असतात. नाहीतर दोन कड्यांमध्ये लहान लहान तळी तयार झाली असती. एवढे करूनही एखाद्या कोपऱ्यात खळगा राहिलाच, तर कारागीर तो एका मऊ लुकणाने भरून काढतात आणि भोकाकडे उतार करून देतात. आपला गवंडी मोरीच्या कोपऱ्यात गिलावा चढवून हेच करतो. दोघांची भेट झाली, तर त्यांना एकमेकांचे बोलणे समजावयास वेळ लागणार नाही.

आणि मग ते भोक. करंगळीचे टोक जेमतेम जाईल, एवढेच. विमानाच्या पोटाखाली अशी भोके ओळीने असतात.

येथे तो बोळ्याचा प्रश्न उभा राहतो. तो नीट कळण्यासाठी थोडे मागे जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एक लहानसे विमान मुंबईच्या जुहू येथे आणले. भारतातील नियमित विमानटपालाचा आरंभ तो. त्या वेळचे जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि मग ही विमाने आपल्या पुण्यास, येरवड्याच्या मैदानावर आणावी लागत. मैदानातील पाणी काढता येत नाही म्हणून विमानतळच हलवावयाचा, असा तो काळ होता! त्या काळच्या लहान विमानांच्या सांगाड्यावर कापड ताणून बसवीत. कापडाच्या खालच्या अंगास बारीक भोके ठेवीत, म्हणजे आत आलेले पाणी आपोआप गळून जाई. त्या भोकांना बोळ्याची गरज नव्हती. ती विमाने फार उंच जात नसत. जी हवा बाहेर तीच आत.

पुढे ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान निघाले. ते वेगळ्या जातीचे होते. त्याच्या धडात हवा दाबून ठेवलेली होती, म्हणून ते पूर्वीच्या विमानांहून पुष्कळ उंचावरून जाऊ शके आणि तरीही आतील माणसे सुखाने श्वास घेऊ शकत. आजची सर्व मोठी प्रवासी विमाने अशीच असतात. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरील हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होतो. तेवढ्यात माणूस शुद्धीवर राहणार नाही. म्हणून आतला दाब जमिनीवरील दाबाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास राखतात. साहजिकच आतील हवा बाहेर पडू पाहते. धडाच्या एक चौरस मीटर पत्र्यावर आतून सुमारे साडेपाच टनांचा रेटा बसतो. विमान म्हणजे त्या वेळी फुगवलेला फुगाच असतो म्हणा ना!

फुग्याला भोक ठेवून कसे चालेल? करंगळीएवढ्या एका भोकाने विमान लगेच संकटात येणार नाही, हे खरे. कारण यंत्रे सतत नवी हवा आत भरत असतात आणि जुनी हवा एका मोठ्या, ताब्यात ठेवलेल्या झडपेतून बाहेर सोडत असतात. पण अशी भोके डझनावारी असतात. ती सारी उघडी राहिली तर दाब राखणे अवघड होईल. म्हणजे पाण्यासाठी भोक हवे आणि हवेसाठी ते नको. आपल्या मोरीचाच पेच, परंतु येथे निजण्यापूर्वी बोळा घालावयास जाणार कोण? ती जागा सामानाच्या कोठीच्याही खाली.

यावर जी तोड काढली आहे ती फार साधी आहे आणि म्हणूनच मला ती फार आवडते. तुम्ही लोहाराचा भाता पाहिला असेल. भाता वर उचलला की त्याच्या तळाची चामड्याची झडप उघडते आणि हवा आत येते. भाता दाबला की आतली हवाच त्या झडपेला दाबून बंद करते आणि निमूटपणे नळीवाटे निखाऱ्यांकडे जाते. झडप उघडावयास वा मिटावयास कोणी माणूस लागत नाही. विमानाच्या भोकावर आतल्या बाजूने अशीच एक लहान झडप असते. कोठे ती रबराची पाकळी असते, कोठे स्प्रिंगवर तोललेली चकती. विमान जमिनीवर असते तेव्हा आतला व बाहेरचा दाब सारखा असतो. झडप उघडी राहते आणि पाणी गळून जाते. विमान वर चढू लागले, आतील दाब बाहेरच्या दाबाहून वाढला, की तीच हवा चकतीला भोकावर घट्ट दाबून धरते. जी हवा पळून जाऊ पाहते, तिच्याचकडून दार लावून घेतलेले आहे! वीज नाही, तार नाही, वैमानिकाने दाबावयाची कळही नाही.

विमानाच्या शेपटीत, पंखांच्या काही भागांत जेथे हवा कोंडलेली नसते, तेथे नुसती उघडी भोके पुरतात.

स्वयंपाकघरातील आणि हात धुण्याच्या भांड्यांतील सांडपाण्याची व्यवस्था निराळी आहे. ते पाणी अनेक विमानांत उड्डाण चालू असतानाच बाहेर सोडतात. (शौचालयातील मैला मात्र आकाशात सोडीत नाहीत, हे येथेच सांगून टाकतो. तो बंद टाकीत साठवतात आणि विमानतळावर काढून नेतात.) सांडपाण्यासाठी पोटाखाली माशाच्या परासारखी एक-दोन लहान पाती लोंबत असतात. त्यांच्यातून नळी बाहेर येते. नळी अशी बाहेर काढण्याचे कारण उघड आहे. पाणी अंगावरून ओघळत गेले तर पत्र्यावर बर्फ साचेल. पण नळीतच पाणी गोठले तर? म्हणून ही पाती आणि आतील नळ्या विजेने गरम ठेवतात. पाणी बाहेर पडताच त्याचे बारीक तुषार होतात आणि हवेत विरून जातात.

ही ऊब गेली तर काय होते, ते जगाने एकदा पाहिले. ७ जानेवारी २००८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचे एक प्रचंड विमान लंडनहून बँकॉकला चालले होते. आत तीनशे पासष्ट माणसे होती. पुढील स्वयंपाकघराच्या सांडपाण्याची नळी गरम ठेवणारी व्यवस्था नीट चालत नव्हती. नळीत बर्फ धरले, वाट बंद झाली, पाणी मागे फिरले आणि जमिनीवर पसरले. जमिनीखाली विजेच्या पेट्यांची खोली होती. त्या पेट्यांवर पाणी पडू नये म्हणून जे आच्छादन होते, त्याला तडे गेलेले होते. पाणी त्यांतून झिरपले. विमान बँकॉकजवळ येऊन उतरू लागले असताना त्याच्या चार मुख्य वीजवाहिन्यांपैकी तीन बंद पडल्या. वैमानिकांनी उरलेल्या थोड्या विजेवर आणि बॅटरीवर ते सुखरूप उतरवले. कोणासही इजा झाली नाही. पण विमानतळ दूर असता तर? चारही यंत्रे ठणठणीत होती, पंख शाबूत होते, आकाशात वादळ नव्हते. बिघाड होता तो एका मोरीत.

आता तो दुसरा तोटा. साचलेले पाणी विजेच्या पेटीत गेले तर निदान लगेच कळते. ते पोटातच साचून राहिले, तर पुष्कळ दिवस काहीच कळत नाही, आणि हेच अधिक वाईट.

लोखंडाला जसा तांबडा गंज चढतो, तसा ॲल्युमिनियमलाही एक गंज चढतो. तो पांढरा, पिठासारखा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम या बाबतीत सोशीक आहे. पण ते मऊ असल्यामुळे विमानाला चालत नाही. म्हणून त्यात इतर धातू मिसळतात. धडासाठी वापरल्या जाणाऱ्या एका नेहमीच्या मिश्रधातूत शेकडा चार भागांच्या आसपास तांबे असते. तांब्याने बळ येते, पण तेच तांबे गंजालाही आमंत्रण देते. यावर उपाय म्हणून त्या पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आपण आतून कल्हई करून घेतो ना, तशीच ही विमानाची कल्हई. तिच्यावर पिवळसर-हिरव्या रंगाचा लेप आणि कित्येक ठिकाणी वरून मेणासारखे औषध. इतके केल्यावर थोडे पाणी आले आणि गेले, तर काही बिघडत नाही. परंतु आलेले पाणी तेथेच राहिले, त्यात सांडलेला चहा, फळांचा रस, समुद्रावरील खारी हवा आणि शौचालयाजवळची ओल मिसळली, आणि हे वर्षानुवर्षे चालू राहिले, तर कल्हई उडते, लेप सुटतो आणि पत्रा आतून कुरतडला जातो. त्याचे पापुद्रे सुटतात. बाहेरून पाहणाऱ्याला रंग मात्र छान दिसत असतो.

२२ ऑगस्ट १९८१ रोजी तैवानमध्ये एक प्रवासी विमान राजधानी तैपेईहून दक्षिणेकडील काओशुंग शहराकडे निघाले आणि हवेतच त्याचे तुकडे झाले. आतील एकशे दहा माणसांपैकी एकही वाचले नाही. तपास करणाऱ्यांनी अवशेष गोळा करून पाहिले, तेव्हा धडाच्या खालच्या भागातील पत्रा गंजाने ठिकठिकाणी पातळ झालेला आढळला. कोठे खड्डे, कोठे आरपार भोके, कोठे चिरा. आणि या पत्र्यावर प्रत्येक उड्डाणात, तुम्हांला वर सांगितला तो टनांचा रेटा बसत होता. विमान चढले की ताण, उतरले की ढील. तार पुन्हा पुन्हा वाकवली म्हणजे जशी तुटते, तसा तो कमजोर झालेला पत्रा अखेर तुटला.

ही हकीकत तुम्हांला भीती घालण्यासाठी सांगितली नाही. विमानप्रवास आज फार सुरक्षित झाला आहे, आणि तो तसा होण्याचे एक कारण हेच की अशा प्रत्येक अपघातानंतर जाणत्या माणसांनी अवशेषांजवळ बसून कारण शोधले आणि पुढच्या विमानांसाठी तपासणीचे नियम कडक केले.

ही तपासणी होते कोठे? आपल्या महाराष्ट्रातही होते. मुंबईस विमानांची देखभाल पूर्वीपासून चालते, आणि नागपूरच्या मिहान भागात २०१५ साली बोइंग विमानांच्या मोठ्या तपासणीसाठी एक प्रशस्त कारखाना सुरू झाला. काही वर्षांच्या अंतराने विमानाची जी मोठी तपासणी असते, ती पाहणाऱ्याला वाटेल की हे पुन्हा उडणार तरी कसे! आसने काढतात, जमिनीच्या फळ्या काढतात, आतील गुळगुळीत भिंती उतरवतात, काचलोकरीच्या गाद्या बाजूला करतात. मग हाती दिवा आणि लहान आरसा घेऊन माणसे पोटात उतरतात. जागा इतकी अरुंद की कित्येक ठिकाणी पालथे पडून सरकावे लागते. विमानाच्या यंत्रांविषयी वर्तमानपत्रांत लेख येतात, वैमानिकांची छायाचित्रे येतात. या सरपटत जाणाऱ्या माणसाचे छायाचित्र मी तरी अद्याप पाहिलेले नाही. तो काय शोधतो? पांढरी पूड. रंगाखाली आलेला फुगवटा. साचलेल्या पाण्याचा डाग. आणि तुंबलेले भोक.

भोक तुंबवणारे शत्रू अगदी क्षुल्लक असतात. कपड्यांचे आणि गालिच्याचे तंतू, धूळ, लोकरीच्या गादीचा निसटलेला तुकडा, एखादा कागदाचा कपटा. गंमत अशी की गंज येऊ नये म्हणून फवारलेले ते मेणासारखे औषधही कधी ओघळून भोकात जाऊन बसते आणि गंजाचीच सोय करते. रंगाऱ्याच्या हातून झडपेवर रंगाचा एक जाड हात बसला, तरी ती चिकटते. मग उघडावयाच्या वेळी ती उघडत नाही. हा खरा ‘मोरीला बोळा’.

अलीकडे काही विमानांची धडे धातूऐवजी कार्बनच्या धाग्यांची व राळेची बनवतात. २०११ साली प्रवाशांच्या सेवेत आलेल्या बोइंग ७८७ या विमानात निम्म्या वजनाचा भाग अशा पदार्थांचा आहे. त्याला ॲल्युमिनियमसारखा गंज चढत नाही, म्हणून आतील हवा थोडी अधिक दमट ठेवता येते आणि प्रवाशांचे ओठ कमी सुकतात. मग मोरीचे काम संपले, असे तुम्ही म्हणाल. तसे नाही. हवा अधिक दमट म्हणजे थंड भिंतीवर पाणीही अधिक. शिवाय अशा विमानातही पुष्कळ भाग धातूचे असतातच, आणि कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियम ओलाव्यात एरवीपेक्षा लवकर खराब होते. साहित्य बदलले, पण पाण्याचा स्वभाव बदलला नाही. ते सर्वांत सखल जागा शोधीतच जाणार.

आता पावसाळ्याखेरीजच्या एखाद्या कोरड्या दिवसाची कल्पना करा. लांबून आलेले विमान मुंबईस उतरले आहे. चाके थांबली, यंत्रे शांत झाली, दार उघडले. आतला दाब बाहेरच्या दाबाशी मिळाला आणि पोटाखालच्या चकत्या एकामागून एक आपल्या जागेवरून उचलल्या गेल्या. वर प्रवासी आपापली सामानसुमान उतरवून घेण्याच्या गडबडीत आहेत. खाली कोरड्या फरसबंदीवर, ऊनही लख्ख पडलेले असताना, एक थेंब पडतो, मग दुसरा, मग बारीक धार लागते. हातात दिवा घेतलेला एक कारागीर वाकून पोटाखालून चालत जातो. जेथे पाणी गळते आहे, तेथे तो थांबत नाही. शेजारच्या साऱ्या झडपा ओल्या असताना जी एकच कोरडी दिसते, तिच्यापाशी तो थांबतो, गुडघे टेकून बसतो आणि खिशातील काडी काढून हळूच वर सरकवतो.